उजवा अंगठा

१२ जानेवारी, सोमवार. पालम

आज मोबाईल गेमचा सामना हरलो, माझ्यामुळं. इथं लिहून ठेवते, बाकी कुणाला सांगितलं नाही.

समोरचे शेवटचे दोघं भिंतीआड होते. पुढं घुसायचं काम माझं. घुसले, नेम धरला, आणि अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत अशी कळ गेली की मोबाईल सुटून मांडीवर पडला. उचलेपर्यंत गेममधली मी मेले होते.

कानात नदीम ओरडला, "सुजाता! काय झालं?"

"नेट गेलं."

"तुझं नेट बरं आजच गेलं."

नदीम आमचा कॅप्टन. तसा चांगला आहे, पण हरला की दोन दिवस परभणीत कामाला आहे त्या मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाइकांशीसुद्धा धड बोलत नाही. टीममधले जिंतूरचे दोघं भाऊ काहीच बोलले नाहीत. ते कधीच बोलत नाहीत.

टीमचं नाव अजूनही "गोदा बॉइज". मला घेतलं तेव्हा बदलू म्हणले होते.

१३ जाने.

सकाळी भाकरी थापताना पुन्हा तीच कळ. आई ताईच्या बाळंतपणाला नांदेडला, म्हणून घरचं सगळं माझ्यावर. भाकरी वेडीवाकडी झाली. बाबांनी मुकाट्यानं खाल्ली.

मी कामाला जाते त्या कॉम्प्युटर सेंटरवर दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरले. स्पेस दाबायला डावा अंगठा वापरला. सवय नाही, शब्द एकमेकांना चिकटायलेत.

१७ जाने., शनि.

बाम. बर्फ. गरम पाण्याची पिशवी. व्हिडिओत एकजण म्हणतो बर्फ लावा, दुसरा म्हणतो शेका. दोन्ही केलं. एकजण म्हणतो खेळायच्या आधी बोटं ताणा, मनगट फिरवा. ते कधीच केलेलं नाही. क्रिकेटवाले पळतात, उड्या मारतात, आपण सरळ मोबाईल हातात घेऊन सुरू. कुणाच्या डोक्यात येणार की बसून खेळायच्या खेळालाही अंग मोकळं करावं लागतं.

खेळायचं कमी करा, असंही सगळेच म्हणतात. ते पुढं ढकललं.

निवडीचे सामने पुढच्या महिन्यात. त्यातून निघालो तर एप्रिलात फायनल. मराठवाड्यातल्या मोजक्याच टीम उरल्यात, आणि तालुक्याच्या गावातली मुलगी एकच.

२५ जाने., रवि.

मनगटाला रुमाल आवळून खेळले. जिंकलो. नदीम म्हणला, "आज तू आग हाईस नुसती." रुमाल सोडला तर खाली लाल पट्टा, आणि अंगठ्याच्या मुळाशी शेंगदाण्याएवढा फुगवटा. दाबला की डोळ्यात पाणी.

बाबांनी रुमाल बघितला. "हाताला काय झालं?"

"टायपिंगनं."

हूं म्हणून शर्ट घालायला गेले. तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. उजव्या हाताला बाही आधी चढवतात, डाव्या हातानं ओढून. मग भिंतीला टेकून थांबतात थोडं. बाबा एसटीचे ड्रायव्हर होते, मागच्या वर्षी रिटायर झाले. कधीपासून असं घालायलेत शर्ट?

विचारलं नाही.

२ फेब., सोम.

चहाची कपबशी हातातून गेली. पोळले नाही, पण बाबांसमोर गेली.

"मला खोटं सांगू नको," म्हणले. "टायपिंग न्हाई ते. तू मोबाईल धरती तसा मी स्टिअरिंग धरायचो. बघायलोय मी रोज."

मग आपणहून बोलले. बाबा आपणहून बोलत नाहीत. शेवटची दोन-तीन वर्षं खांदा गेलेलाच होता. वळणावर गाडी ओढताना ओठ चावायचे. कंडक्टरला कळू नये म्हणून त्या टायमाला मुद्दाम हॉर्न वाजवायचे.

"सांगायचं ना डेपोत."

"सांगितलं असतं तर हलकं काम दिलं असतं. मग सगळे म्हणले असते, गायकवाडला गाडी झेपंना."

"आईला तरी."

"तिला काय सांगायचं."

आता हात खांद्याच्या वर जात नाही. मी त्याच घरात राहायले आणि मला माहीत नव्हतं.

५ फेब., गुरु.

दोघंही परभणीला गेलो. सकाळची एसटी, गंगाखेडवरून. बाबा खिडकीत बसले, आणि ड्रायव्हर गिअर टाकायला लागला की यांचा पाय हलायचा.

फिजिओथेरपीच्या मॅडम तरुण आहेत, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. आधी बाबांना बघितलं. खांदा जाम झालाय, लवकर यायला पाहिजे होतं, आता वेळ लागेल. बाबा हो हो म्हणत राहिले, साहेबापुढं उभं राहिल्यासारखे.

मग मी.

"अंगठा आत घेऊन मूठ मिटा. आता मनगट करंगळीच्या बाजूला खाली झुकवा."

झुकवलं आणि ओरडलेच. बाहेर बसलेली बाई डोकावून गेली.

"अंगठ्याला ओढणाऱ्या दोऱ्या इथून जातात. त्यांच्यावरचं म्यान सुजलंय, दोरी आत घासते. कशानं झालं?"

"टायपिंग."

"एकाच अंगठ्याला एवढं?"

बाबा भिंतीवरचं हाडांचं चित्र बघायला लागले. सांगितलं मग. गेम खेळते. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "धरून दाखवा." मोबाईल धरला.

"खांदे बघा तुमचे, कानाला लागलेत. कोपरं हवेत. मनगट वाकडं. आणि एवढं आवळून धरताय, तो पळून जाणार आहे का?"

सांगितलेलं, आठवतं तसं: मोबाईल हातात नाही, स्टँडवर. कोपरांखाली उशी. मनगट सरळ. सेटिंग अशी बदला की अंगठा जरासा हलवला तरी काम व्हावं, लांब ओढावं लागू नये. खेळायच्या आधी हात गरम करून मोकळे करा. प्रत्येक सामन्यानंतर मोबाईल खाली ठेवून उठायचं. आणि कळ आली की थांबायचं. "सहन करणं हा व्यायाम नाही," म्हणाल्या. हे बाबांकडं बघून म्हणाल्या की माझ्याकडं, कळलं नाही.

तूर्त पंधरा दिवस गेम पूर्ण बंद.

निवडीचा सामना दहा दिवसांवर.

६ फेब.

नदीमला सांगितलं नाही.

९ फेब.

बाबा भिंतीला तोंड करून उभे राहतात आणि बोटं चालवत हात वर नेतात. कोळी चढतो तसं. छातीच्या थोडं वर गेला की थांबतो. मी मागं उभी राहून बघते, ते माझी मनगटं बघतात. आई असती तर म्हणली असती, दोघांना काय झालं.

स्टँड मागवला. सेटिंग बदललं. सुरुवातीला नेम कुठल्या कुठं जायचा, आता बसायलाय. पंधरा दिवस बंद म्हणल्या होत्या. रोज थोडंच खेळायले. कळ कमी आहे. खरंच कमी आहे.

१५ फेब., रवि.

निवडीचे सामने. निघालो. फायनलला गेलो!

पहिले दोन सामने स्टँडवर, उशी घेऊन, मधे उठून, सगळं सांगितल्यासारखं. ठीक गेले. तिसऱ्यात मागं पडलो. नदीमचा आवाज बदलला. कधी स्टँडवरून मोबाईल उचलला ते कळलंच नाही. आवळून धरला, खांदे वर, जुनं सगळं. शेवटच्या सामन्यात कळ दर वेळी यायली होती आणि दर वेळी मी पुढं जायले होते. एकटीनं तिघं पाडले. जिंतूरचा धाकटा पहिल्यांदा बोलला, "भारी ताई."

आता हात उशीवर आहे. हे डाव्या हातानं लिहायले, म्हणून अक्षर असं.

१६ फेब.

सेंटरवर माऊस धरता आला नाही. मालक म्हणले, "हात बरा होऊ द्या, मग या." दुसऱ्या मुलीला बसवलंय. तोवर, म्हणले. वाईट बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

२० फेब., शुक्र.

मॅडम रागावल्या नाहीत. नुसतं बघितलं आणि पेन खाली ठेवला. अंगठ्याला आणि मनगटाला पट्टा, दिवसरात्र. दीड महिना अंगठ्याला काम नाही. फरक पडला नाही तर इंजेक्शन. त्यानंही नाही पडला तर छोटं ऑपरेशन.

"एप्रिलात फायनल आहे," म्हणलं.

"तुमच्या हाताला ते माहीत नाही."

बाबांनी परतीच्या एसटीतून उतरताना माझी पिशवी घेतली, डाव्या हातानं.

२२ फेब., रवि.

नदीमला फोन.

"मी फायनलला नाही."

"लग्न जमलं का?"

"नाही रे. हात गेलाय."

"हात म्हणजे?"

सांगितलं सगळं, नेट गेलं नव्हतं तेही. तो म्हणला, "अगं, आमाला वाटलं..." आणि विषय बदलला, "येलदरीची एक पोरगी हाय. घेऊ का?"

घे म्हणलं. आणखी काय म्हणणार होते.

१ मार्च

पट्ट्याखाली खाज. ऊन वाढलं.

केस धुता येत नाहीत, कणीक मळता येत नाही. शेजारच्या कांताबाई पोळ्या देऊन जातात. बरी हो पोरी, म्हणतात, कशानं झालं विचारत नाहीत. बाबांनी त्यांना काय सांगितलंय कुणास ठाऊक.

८ मार्च, रवि.

परभणी. मॅडमकडं जाऊन नदीमच्या दुकानात. आरतीला पहिल्यांदा बघितलं. येलदरीची. वडील धरणावर मासे धरतात. बारावी झालीय, लांब वेणी, बोलताना मान खाली. मोबाईल हातात घेतला की मान वर.

लय छान खेळते. माझ्यापेक्षा वेगळं, माझ्यापेक्षा जलद. मग तिचे हात बघितले. कोपरं हवेत. मनगट वाकडं. बोटांची पेरं पांढरी पडलेली.

"दुखतं का गं?"

"न्हाई ताई. जरा अवघडतं, मग जातं."

"माझंबी जायचं."

हसली. तिला वाटलं मी गंमत करायले.

१२ मार्च

आरतीला रोज फोन. कुठून घुसायचं, कोण कसा दगा देतो, जिंतूरवाले न बोलता काय सांगतात. त्यासोबत ते सगळं: स्टँड घे, उशी घे, सेटिंग असं कर, सामना झाला की ऊठ. हो ताई, हो ताई. व्हिडिओ कॉल लावायला सांगितला तर स्टँड खाटेखाली.

"स्टँडवर नेम बसत न्हाई ताई."

"चार दिवसांनी बसतो."

"फायनल झाल्यावर करते."

तिला काय बोलणार. मी तर पंधरा दिवससुद्धा थांबले नाही.

१९ मार्च

नदीमशी भांडण. म्हणलं, तिला सलग बसवू नको. सामन्यांच्या मधी मोबाईल खाली ठेवायला लाव. सगळ्यांनाच लाव, तूसुद्धा.

"बाकीच्या टीम दिवसदिवस बसायलेत, सुजाता."

"त्यांच्या हाताचं त्यांना."

"तू नसताना टीम उभी केली मी. आता ढिली करायलीस. तू कोच हाईस का डॉक्टर?"

"दोन्ही नाही. माझा हात बघितलास ना तू?"

"तुझा हात नाजूक. सगळ्यांचा तसा नसतो."

फोन ठेवला. नाजूक.

२७ मार्च

बाबांचा हात आज डोक्याच्या पातळीला गेला. त्यांनी मला हाक मारून दाखवलं. मी छान म्हणलं, पण माझा आवाज कसा आला ते मलाच ऐकू आलं. बाबा हात खाली घेऊन आत गेले.

नंतर वाईट वाटलं.

३ एप्रिल

पट्टा काढून बघितलं. अंगठा मुठीत, मनगट खाली. आहे. कमी आहे, पण आहे. मॅडम म्हणाल्या, हाडांच्या डॉक्टरांना दाखवू. इंजेक्शन बहुतेक द्यावं लागेल.

"पहिल्यांदा आलात तेव्हाच थांबला असता तर..." म्हणाल्या आणि वाक्य सोडून दिलं.

१२ एप्रिल, रवि.

फायनल. घरी मोबाईलवर बघितली, बाबा शेजारी चष्मा लावून.

"यातली आपली कोणती?"

"आपली न्हाई बाबा त्यात."

मग आरती कोणती ते विचारून घेतलं आणि शेवटपर्यंत तिच्याकडंच बघत राहिले. ती पडली की च्च करायचे.

तिसरे आलो. आले. आरतीनं शेवटच्या सामन्यात जे केलं ते मला जमलं नसतं. कॉमेंट्री करणारा माणूस सारखा तिचं नाव घ्यायला होता. नदीमनं सगळ्यांचे आभार मानले, दुकानाच्या मालकाचेसुद्धा. माझं नाव नव्हतं. विसरला असेल. गडबडीत होतं तसं.

संध्याकाळी आरतीचा मेसेज: ताई तुमच्यामुळं. पुढं हात जोडलेले. मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग लक्षात आलं काय पाठवलं.

१४ एप्रिल, मंगळ.

जयंती. सकाळी विहारात वंदना, सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यात. दर वर्षी बाबासाहेबांच्या फोटोला हार वस्तीतल्या रिटायर झालेल्या माणसांनी घालायचा. या वर्षी बाबांचं नाव घेतलं.

फोटो उंच होता. बाबांनी हार घेतला, हात वर नेला, डोक्यापर्यंत गेला आणि थांबला. सगळे बघायलेत. मी पुढं जाऊन हाराची दुसरी बाजू धरली, डाव्या हातानं. उजवा पट्ट्यात. दोघांनी मिळून घातला, वाकडा बसला. जयघोष झाला.

परत जागेवर येताना बाबा कानाशी म्हणले, "त्या वक्ताला डेपोत सांगायला पाहिजे होतं."

मिरवणुकीला गेले नाही. ढोलाचा आवाज घरापर्यंत येत होता.

२८ एप्रिल, मंगळ.

इंजेक्शन. सुई अंगठ्याच्या मुळाशी. डॉक्टर म्हणले हे एखाद्या वेळी देता येतं, सारखं नाही. परत तेच काम तसंच केलं तर परत सुजणार, मग कापावंच लागेल.

सेंटरच्या मालकांना फोन केला. म्हणले, "ती मुलगी आता कायमच राहायलीय. बघू पुढं."

आई आली नांदेडहून. हात बघून रडली. मग बाबांचा खांदा कळला, तेव्हा रडली नाही. दिवसभर कुणाशी बोलली नाही.

९ मे

दुखणं गेल्यासारखं. गेल्यासारखं असं लिहिलं, गेलं असं लिहायची भीती वाटायली.

ऊन असं की पत्रा वाजतो. दुपारी पडून छताकडं बघते. बोटं आपोआप हलतात, नसलेल्या बटणांवर. आईनं बघितलं तर काय समजेल.

१७ मे, रवि.

आरतीचा आवाजी मेसेज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा नीट कळला नाही, ती हळू बोलायली होती. "ताई, सकाळी वेणी घालता येईना. अंगठा धरला की कळ येतीय. नदीमभाईंना सांगू नका."

लगेच फोन केला. म्हणलं, मॅडमकडं चल, मी येते तुझ्यासोबत. म्हणली वडील चिडलेत, मोबाईल काढून घेणार. म्हणलं, त्यांना दे फोन. नको म्हणली, ठेवला.

आज अंगठ्याच्या मुळाशी हात फिरवत बसले होते. माझ्या.

१८ मे

नदीमला कळलंच. त्याचा फोन. आवाज गळालेला.

"तू बरोबर होतीस."

या वाक्याची मी दोन महिने वाट बघितली होती. आलं तेव्हा काहीच वाटलं नाही.

मग म्हणला, "पुढच्या महिन्यात दुसरी स्पर्धा हाय. आरतीला बाहेर ठेवतो, आराम करू दे. तू ये."

"अन् माझा हात?"

"इंजेक्शन झालंय ना? सगळं तुझ्या पद्धतीनं करू. स्टँड, उशी, मधी उठायचं. तू म्हणशील तसं. खुदा कसम."

मी नाही म्हणलं तर तो आरतीलाच खेळायला बसवणार. हे त्यानं म्हणलं नाही. जिंतूरच्या थोरल्यानं मेसेज केला, फक्त माझं नाव आणि एक प्रश्नचिन्ह.

१९ मे, मंगळ.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, थोडा वेळ, अगदी हलकं, कळ आली की बंद.

दुपारी खोलीत बसले. गरम पाण्यात हात धरले, बोटं ताणली. स्टँड, उशी, मनगट सरळ. सामना नाही, सरावाचं रिकामं मैदान. चालले, वळले, भिंतीवर नेम धरला. अंगठा जरासा हलवला.

दुखलं नाही.

आणखी थोडं. नाही दुखलं. पण मी जोरानं दाबलंच नव्हतं. समोर कुणी नव्हतं. समोर कुणी आलं की मी हलकं दाबणार नाही, हे मला चांगलं माहीत आहे. बंद केलं.

नदीमचा मेसेज पडलेला: हौ का न्हाई, एवढंच लिही.

आधी आरतीला फोन लावला. तिच्या वडिलांनी उचलला. दमलेला आवाज. "कोण?"

"मी सुजाता. पालमची."

"ती तूच का. तिनं सांगितलंय तुझं." मग विचारलं, "बाई, तुझा हात बरा झाला का?"

मला वाटलं होतं शिव्या देतील. त्याची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. बरा झाला म्हणलं तर ते आरतीला परत मोबाईल देतील. नाही झाला म्हणलं तर तिला कुठं दाखवायलाच नेणार नाहीत, उपयोग काय म्हणून.

ते वाट बघायले होते. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज यायला होता.